निळ्या घागरीवर चालणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर गार ठेवायला घागरीतलं पाणी वापरणारा नंदुरबार जिल्ह्यातला मी पहिलाच माणूस असेन. दुसरा कुणी असलाच, तर त्यानंही माझ्यासारखंच ते चारचौघांत सांगायचं टाळलं असणार.

मी लग्नांचे व्हिडिओ करतो. पूर्वी शूटिंगही करायचो. आता गुडघे वरातीच्या वेगानं चालत नाहीत, म्हणून शूटिंग दुसरे करतात आणि मेमरी कार्डं माझ्या घरी आणून टाकतात. मी त्यातली दृश्यं जोडतो, कापतो, वर संगीत चढवतो. दिवसभर इतरांचे नातेवाईक बघत बसायचं काम. कुठला काका कुणाशी बोलत नाही, कोणती आत्या जेवणाच्या पंगतीत रुसली, नवरीची आई मांडवाच्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन डोळे पुसते, सगळं मला माहीत. बाजारात हीच माणसं समोर आली की मी ओळखीचं हसतो, आणि ती मागे वळून बघतात, हा कुणाकडे बघून हसला म्हणून.

आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यात. म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हाच, जेव्हा नळाच्या पाण्यानं हात भाजतो. होळी झाली की माझा कॉम्प्युटर तापायला लागतो आणि त्याचे पंखे सुटतात. पिठाच्या गिरणीत उभं राहून बोलावं तसं आमच्या घरात बोलावं लागायचं. कूलर एकाच खोलीत, त्यामुळे कॉम्प्युटर त्याच खोलीत, आणि आमची झोपायची खोलीही तीच. बायको त्या यंत्राला डबडं म्हणायची. वर्षानुवर्षं तिनं त्याला दुसरं नाव दिलं नाही. "तुमनं डबडं झोपनं का?" असं विचारूनच ती आडवी व्हायची.

मग ती सुरतला गेली. मुलगी तिकडे दिलेली. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला, त्यात नातू झाला. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. मग नातवाला दात यायला लागले. मग तो चालायला लागला, आणि चालणाऱ्या पोराला सोडून कसं यायचं. मग पाळणाघर लावून पाहिलं, ते त्याला मानवलं नाही. दर वेळी कारण खरंच असायचं, त्यामुळे भांडताही यायचं नाही. मी वरण-भात करायला शिकलो. एका माणसाचं वरण करता येत नाही हेही शिकलो. ते नेहमी दोघांचंच होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खावं लागतं.

दिवे लागले की तिचा फोन यायचा. बोलणं ठरलेलं.

"जेवनात का?"

"जेवलो."

"काय करं व्हतं?"

"वरण-भात."

"काय? आयकू येत नही. ते डबडं पहिले बंद करा, मंग बोला."

मी म्हणायचो, काम चालू आहे, बंद करता येत नाही. ती म्हणायची, मग राहू द्या. संपलं.

एकदा तिनं यात एक वाक्य जास्तीचं घातलं. नातू नुकताच झोपला होता, ती हळू बोलत होती. म्हणाली, "आठे कसं शांत शे. माले झोप लागस."

आता यातून शहाण्या माणसानं काय समजायचं? की तिला तिथे झोप लागते, बरं आहे. मी समजलो की ती परत येत नाही याचं कारण माझे पंखे आहेत. मला फार बरं वाटलं. बायको दूर राहण्याचं कारण आपला स्वभाव असेल, वय असेल, नातू असेल, तर माणूस काय करणार? पण पंखे असतील तर पेचकस घेऊन बसता येतं.

पाण्यानं कॉम्प्युटर गार करतात हे मला माहीत होतं. त्याचं तयार सामान मिळतं, कुरियरनं नंदुरबारलाही येतं. पण विकत आणून बसवलं तर त्यात आपलं काय, असा माझा बाणा. या बाण्यानं घरातला मिक्सर, इस्त्री आणि एक भिंतीवरचं घड्याळ यापूर्वीच कामी आलं होतं.

मुख्य भाग म्हणजे प्रोसेसरवर बसणारी तांब्याची डबी. तिच्यातून पाणी खेळतं आणि उष्णता घेऊन जातं. मी बायकोच्या रुखवतात आलेला तांब्याचा पेला काढला. बूड सपाट, जाड, एकदम योग्य. तो दोन बोटं उंचीवर कापला, काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड आरशासारखं घासलं, आणि भांड्यांना डाग देणाऱ्याकडे नेऊन वर पत्र्याचं झाकण आणि दोन तोट्या बसवून घेतल्या. डाग देताना त्यानं विचारलं, "काय शे हाई?" मी म्हटलं, कॉम्प्युटरला पाणी पाजायचंय. त्यानं पुढे काही विचारलं नाही. वेड्या माणसाचं काम आपण लवकर करून देतो, तसं लवकर करून दिलं.

नळ्या आत घ्यायला कॅबिनेटला भोक पाडायचं होतं. वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर आणला आणि छान चौकोनी खिडकी कापली. मग लक्षात आलं की ती उलट्या बाजूच्या पत्र्याला कापली. त्या बाजूनं आत जायचं तर मदरबोर्डमधूनच जावं लागतं. म्हणून दुसऱ्या बाजूलाही कापली. कॅबिनेट आरपार हवेशीर झालं.

नळीसाठी माझ्या मित्राकडे गेलो. तापीकाठी त्याची केळी आहे. त्याच्या बांधावर ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्यांची वेटोळी पडलेली असतात. मी म्हटलं, थोडी नळी दे. तो म्हणाला, ने भो, पाहिजे तितकी ने. घरात तो गुजरी बोलतो, माझ्याशी अहिराणी, आणि कशाला पाहिजे हे दोन्ही भाषांत विचारत नाही. तेवढ्यासाठीच तो माझा मित्र आहे.

नळी बसवली. कूलरचा छोटा पंप बादलीत सोडला. एवढी अक्कल मला होती की आधी कॉम्प्युटरची वायर काढून ठेवावी. पंप सुरू केला. पाणी नळीतून वर चढलं, तांब्याच्या डबीत गेलं, बाहेर पडलं. मला वाटलं, झालं. मग कॅबिनेटच्या आत टप् असा आवाज आला. मग दुसरीकडे टप्. मग सगळीकडून, सारख्या अंतरावर, सारख्या वेगानं. बघितलं तर नळी अतिशय चोख काम करत होती. तिच्या आत हातभर अंतरावर जे ड्रिपर बसवलेले असतात, त्यातला एकही चोंदला नव्हता. केळीच्या झाडाला मिळतं तसं मदरबोर्डला मोजून पाणी मिळत होतं.

मित्राला फोन केला.

"तुझी नळी गळतेय."

"कोनती?"

"काळी. ठिबकची."

 मग म्हणाला, "ठिबकनी नळी शे, ठिबकीच ना भो."

मदरबोर्ड मी गच्चीवर वाळत घातला. शेजारच्या गच्चीवर काकूंचे पापड वाळत होते. त्या म्हणाल्या, "हे कोणते पापड हो?" मी म्हटलं, उडदाचे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बायको घरी नसली की पुरुषाचं काय होतं ते आता कळलं.

तो सुकला आणि चालूही झाला. या उन्हानं माझं फार नुकसान केलंय, पण तेवढा उपकार मी मानतो.

मग गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली. तिला भोकं नसतात, हे फुंकर मारून खात्री करून घेतलं. पाणी फिरायला लागलं, पण ते फिरून फिरून तापायचं. तापलेलं पाणी परत गार कसं करायचं? जुन्या फ्रीजच्या मागची काळी जाळी काढून त्यातून पाणी सोडलं. जाळीची नळी इतकी बारीक की पंपाचा जीव अर्ध्यात जायचा. तेव्हा मला माठ सुचला. आपल्याकडे पाणी गार करायला काय लागतं? भाजलेली माती आणि कोरडी हवा. दोन्ही फुकट आणि दोन्ही आवाज न करता काम करतात. घरातला माठ घेऊन पाहिला, पण तो जुना, त्याची छिद्रं क्षारानं बुजलेली. जुन्या माठाला घाम येत नाही. नवं भांडं पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात फोनवर ती म्हणाली, "आखाजीले येस मी. बाबानी घागर भरनी शे. कुंभारकडथून चांगली देखीसन आनी ठेवज्यात."

बाबा म्हणजे माझे वडील. अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, घरातल्या गेलेल्या माणसासाठी नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आंबा ठेवायचा, सांजोऱ्या आणि आमरसाचा घास अगारीवर, म्हणजे निखाऱ्यांवर, सोडायचा. वर्षाचं त्यांचं पाणी त्या घागरीतून त्यांना पोचतं. वडील गेल्यापासून हे सगळं तीच करते. मी फक्त पाटावर बसतो आणि सांगेल तेव्हा हात जोडतो.

घागर मी लगेच आणली. बोटानं वाजवून आणली, खणखणीत. आखाजीला अजून वेळ होता. ती कोपऱ्यात कोरडी बसली होती, लाल, नवी, सगळी छिद्रं उघडी. मी तिच्याकडे बघायचो. शेवटी स्वतःला म्हणालो, फक्त चाचणीसाठी. दोन दिवस. मग धुऊन ठेवू.

पाणी भरलं, पंप सोडला, दोन नळ्या तोंडातून आत घेतल्या, आणि कॅबिनेटमधले पंखे एकेक करून काढले. कॉम्प्युटर चालू केला. एका मोठ्या लग्नाचं काम त्याला लावलं.

काहीच आवाज झाला नाही.

म्हणजे पंपाची गुणगुण होती, पण घागरीत बुडालेली, मांजर पोटाशी धरल्यासारखी. बाकी काही नाही. तापमान पूर्वीपेक्षा कमी. माझ्या आयुष्यात मी स्वतः बनवलेली आणि चालणारी ही पहिली वस्तू. मी खुर्ची मागे सरकवून बघत बसलो. दाखवायला कुणी नव्हतं. मित्राला फोटो पाठवला, त्यानं हात जोडल्याची खूण पाठवली. ती कौतुकाची की श्रद्धांजलीची, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांचे दहा-बारा झाले. पाण्यात हिरवं शेवाळ धरायला लागलं. शेवाळानं पंप बंद पडेल म्हणून मित्राकडून थोडं मोरचूद आणलं, केळीवर फवारायला त्याच्याकडे असतंच. चिमूटभर टाकायचं होतं. माझी चिमूट मोठी. पाणी निळं झालं, सुंदर दिसत होतं. शेवाळ गेलं. माती पाणी बाहेर सोडते तर त्यातलं मोरचूदही बाहेर येईल, हा विचार मला आला नाही. तो मला, सांगायचं तर, तिच्या गाडीची वेळ झाल्यावर आला.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी ती सुरतेच्या गाडीनं उतरली. पिशवीत नातवाचे फोटो फ्रेम करून आणले होते. रिक्षात मी काही सांगितलं नाही. मला तिचा चेहरा बघायचा होता, दार उघडल्यावर, शांतता ऐकल्यावर.

दार उघडलं. ती आत आली, चप्पल काढली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि डबे उघडून बघायला लागली. मी मधल्या खोलीत कॉम्प्युटरजवळ उभा. चालू ठेवला होता मुद्दाम. तिनं रवा पाहिला, गूळ पाहिला. मी खोकलो.

"काय व्हयनं?"

"काही ऐकू येतंय का तुला?"

"नही."

"तेच," मी म्हटलं.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "घागर कोठे शे?"

मी बोट दाखवलं. आता मी ती रोज बघत होतो, त्यामुळे मला ती कशी दिसते हे कळेनासं झालं होतं. तिच्या नजरेनं बघितल्यावर कळलं. लाल घागरीच्या अंगावर निळ्या-हिरव्या खपल्या धरल्या होत्या, गळ्याभोवती जास्त. तोंडातून दोन नळ्या आणि एक वायर बाहेर येत होती. दवाखान्यात ठेवलेल्या माणसासारखी दिसत होती.

"हाई काय करं तुम्हीन?"

"पाण्यानं गार करतोय. पंखे काढले सगळे. आवाज बंद."

"निळी काब्र व्हयनी?"

"मोरचूद."

ती बराच वेळ घागरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबाले हाई पानी पाजशात का?"

 वडील असते तर म्हणाले असते, काही हरकत नाही, केळीला चालतं ते मला चालेल. ते तसेच होते. पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. मग तिची नजर डबीवर गेली, आणि तिनं पेला ओळखला. ती आत जाऊन रवा चाळायला लागली. ते मला जास्त लागलं.

सकाळी लवकर ती स्वतःच बाजारात जाऊन घागर घेऊन आली. उरलेल्यातली होती, काठाला टवका उडालेला. टवका भिंतीकडे करून तिनं ती मांडली, वर डांगर, आंबा. मी पाटावर बसलो. सांगितलं तेव्हा हात जोडले. अगारीवर घास टाकला, धूर डोळ्यांत गेला, आणि सगळं दर वर्षीसारखं झालं.

दुपारी सांजोऱ्या, आमरस खाऊन आम्ही कूलरसमोर आडवे झालो. कॉम्प्युटर चालू होता आणि गप्प होता. मला वाटलं, आता ती म्हणेल, बरं वाटतंय. तिनं कूस बदलली. पुन्हा बदलली. मग उठून मोबाइल घेतला आणि सुरतला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नातू तव्यावर उलथणं आपटत होता, टीव्ही चालू होता, मुलगी कुकरच्या शिट्टीवरून कुणाला तरी ओरडत होती. त्या सगळ्या गोंगाटात ती फोन उशाशी ठेवून पडली आणि थोड्या वेळानं मी पाहिलं तर तिला झोप लागली होती.

मी फोन बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. नातू पडद्यावर आला, मला बघून थांबला, आणि कुणी अनोळखी दिसल्यावर मुलं जातात तसा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीवर बसवायला गेलो. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसून ती म्हणाली, "तुम्ही बी चला."

"लग्नाचा सीझन आहे."

"ते डबडं तठे बी चाली. तठे लाइट बी जात नही."

"घर?"

"घरले काय व्हस? कुलूप लावा."

हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. फोनवर पूर्वीही म्हणाली होती, दोन-तीनदा तरी. मी प्रत्येक वेळी म्हटलं होतं, काय, ऐकू येत नाही, पंखे चालू आहेत. आता पंखे नव्हते. मी म्हटलं, बघतो. गाडी आली. खिडकीतून ती म्हणाली, फ्रिजमध्ये आमरस ठेवलाय, दोन दिवसांत संपवा. चिंचपाड्यापर्यंत पोचली असेल तेव्हा मी फोन केला, लागला नाही. त्या पट्ट्यात लागतच नाही. तरी दोनदा केला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"जेवनात का?"

"जेवलो."

"हॅलो?"

"जेवलो म्हटलं."

"कोठे शेतस तुम्ही?"

"घरीच आहे."

"मंग आवाज काब्र नही येत? बाहेर शेतस का कोठे?"

"अगं घरीच. आवाज बंद केला ना मी, दाखवलं तुला."

मागे नातवाचं काहीतरी चाललं होतं. मग म्हणाली, "हां. ते व्हय." आणि मग आम्हा दोघांनाही काही सुचलं नाही. पूर्वी या ठिकाणी ती डबड्याला शिव्या द्यायची. ती जागा रिकामी पडली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या काकूंना फोन करून विचारलं, म्हणे यांची तब्येत बरी आहे का, घर एकदम सुनंसुनं वाटतंय. काकू वाटीत लोणचं घेऊन आल्या आणि माझ्याकडे निरखून बघून गेल्या.

काकू गेल्यावर मी पेचकस घेतला. पंखे एका खोक्यात होते. पुसले, एकेक परत बसवले. घागरीतून पंप काढला, नळ्या काढल्या. माझ्या आयुष्यात एकच यंत्र नीट चाललं होतं, ते मी एका दुपारीत सोडवलं. तांब्याची डबी लिंबानं घासून लख्ख केली. पेला पुन्हा होणार नाही, पण रुखवतातलं तांबं टाकवत नाही, म्हणून बायकोच्या डब्यांच्या फळीवर ठेवली. घागर गच्चीवर नेली. ती तिथे पालथी आहे. कितीही धुतली तरी ऊन लागलं की निळं परत वर येतं. काकू घागर बघून विचारतात, ही कशाची? मी सांगतो, उडदाची.

संध्याकाळी मोठं काम लावलं, अजून हात न लावलेल्या लग्नाचं, तिच्या फोनच्या दोन तास आधीच. फोन आला तेव्हा पंखे पूर्ण सुटलेले होते.

"जेवनात का?"

"जेवलो."

"काय?"

"जेवलो, जेवलो."

"काय आयकू येत नही," ती म्हणाली. आवाज चढलेला. "ते डबडं पहिले बंद करा, मंग बोला."

"करतो," मी म्हटलं, आणि फोन कानाला धरून तसाच बसून राहिलो. तिकडून तिनंही ठेवला नाही.